संगणकाच्या पडद्यावरील मांडणी : स्वतंत्र मांडणी-व्यवस्थापकाची रचना व कार्य

शासकीय कार्यालयांतील नोंदवह्यांची जागा आता मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. रहिवासी दाखल्याचा अर्ज असो, उत्पन्नाचा दाखला असो किंवा जमिनीच्या उताऱ्याची मागणी असो, कर्मचाऱ्याची दृष्टी प्रथम पडद्यावरील चौकटींवर आणि त्यांच्या शेजारी लिहिलेल्या शीर्षकांवर पडते. हे काम मराठीतून चालावयाचे तर पडद्यावर मराठी अक्षरे उमटणे एवढेच पुरेसे नाही. ती पूर्ण उमटली पाहिजेत. 'मंजूर' या शब्दावरील अनुस्वार चौकटीच्या वरच्या कडेने कापला गेला, तर उरतो तो 'मजूर'. 'कुळाचे नाव' या शीर्षकातील उकार खालच्या कडेने नाहीसा झाला, तर 'कळाचे नाव' असे निरर्थक अक्षर हाती येते. 'अर्ज दाखल केल्याची तारीख' आणि 'अर्ज निकाली काढल्याची तारीख' ही दोन्ही शीर्षके अपुऱ्या रुंदीमुळे 'अर्ज…' एवढीच दिसू लागली, तर कोणती तारीख कोठे भरावयाची हे कळण्यास मार्ग राहत नाही. मुदत मोजली जाते ती याच तारखांवरून. अशा चुकीचा भार अखेर अर्जदारावर पडतो.

हा दोष बहुधा अक्षरांचा नसतो, तसाच तो भाषेचाही नसतो. तो मांडणीचा दोष असतो. पडद्यावरील प्रत्येक चौकटीला किती जागा द्यावयाची आणि ती कोठे द्यावयाची, हे ठरविणारा जो भाग संगणकाच्या आज्ञावलीत असतो, त्यास मांडणी-व्यवस्थापक अथवा लेआउट मॅनेजर असे म्हणतात. तो कसे काम करतो, तयार व्यवस्थापक अपुरे पडल्यास स्वतंत्र व्यवस्थापक कसा बांधावा आणि देवनागरीच्या दृष्टीने त्यात कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थिर मोजमापाची पद्धत

पडद्यावर चौकटी मांडण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येक चौकटीचे स्थान आकड्यांनी निश्चित करणे. डावीकडून २० बिंदू, वरून ४० बिंदू, रुंदी १२० बिंदू, उंची २० बिंदू असे एकदा लिहून टाकले की काम संपले. येथे बिंदू म्हणजे पडद्यावरील प्रकाशाचा सर्वांत लहान ठिपका, अर्थात पिक्सेल. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकसारख्या साधनांनी ही पद्धत घरोघर पोहोचविली. माउसने चौकट ओढावी, हवी तेथे ठेवावी, आणि ती तेथेच राहावी, असा तो व्यवहार होता.

ही रीत एका गृहीतावर उभी आहे. पडद्याचा आकार, अक्षरांचा आकार आणि मजकुराची भाषा या तिन्ही गोष्टी कधी बदलणार नाहीत, हे ते गृहीत होय. प्रत्यक्षात तिन्ही बदलतात. दृष्टी मंदावलेला कर्मचारी अक्षरे मोठी करून घेतो. जुन्या पडद्याच्या जागी अधिक बारीक बिंदूंचा नवा पडदा येतो. आणि इंग्रजीतील चार अक्षरी 'नेम' या शब्दाच्या मापाने आखलेल्या जागेत 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' हे शीर्षक बसवावे लागते. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यान्वये देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा असून शासकीय प्रयोजनांसाठी मराठीचाही वापर करता येतो. इंग्रजीही व्यवहारात आहेच. एकच अर्ज तीन भाषांत दाखवावयाचा असेल, तर स्थिर मोजमापाने तीन वेगवेगळे पडदे आखावे लागतील आणि प्रत्येक दुरुस्ती तीनदा करावी लागेल. बहुतेक वेळा तसे होत नाही. इंग्रजीचा पडदा नीट राहतो आणि अन्य भाषांतील शीर्षके कापली जातात.

मागणी आणि तरतूद

मांडणी-व्यवस्थापकाची कल्पना शासकीय कर्मचाऱ्यास अपरिचित वाटू नये. कारण तिचे स्वरूप अंदाजपत्रकासारखे आहे. प्रथम लहान कार्यालये आपली मागणी खात्याकडे पाठवितात. खाते त्या मागण्यांची बेरीज करून आपली एकत्रित मागणी वित्त खात्याकडे सादर करते. नंतर उपलब्ध रकमेनुसार तरतूद मंजूर होते आणि ती त्याच मार्गाने वरून खाली वाटली जाते. मागणी खालून वर जाते, तरतूद वरून खाली येते.

पडद्यावरही हेच घडते. खिडकीच्या आत एक मोठा धारक असतो, त्याच्या आत लहान धारक असतात आणि सर्वांत आत शीर्षके, चौकटी व कळा हे घटक असतात. पहिल्या फेरीत प्रत्येक घटकाला विचारले जाते : तुला निदान किती जागा हवी, आणि सुस्थितीत दिसण्यासाठी किती हवी? पहिल्या उत्तरास किमान आकार व दुसऱ्यास इष्ट आकार म्हणता येईल. धारक ही उत्तरे एकत्र करून आपली मागणी वर कळवितो. दुसऱ्या फेरीत खिडकीला प्रत्यक्ष मिळालेली जागा धारकांमध्ये आणि धारकांना मिळालेली जागा घटकांमध्ये वाटली जाते. मागणीइतकी तरतूद होईलच असे नाही. ती कमी झाल्यास कोणी किती सोसावयाचे आणि अधिक झाल्यास उरलेली जागा कोणास द्यावयाची, हा जो नियम, तोच त्या व्यवस्थापकाचा प्राण होय.

अंदाजपत्रकाचे साम्य येथेच संपत नाही. वर्षाच्या मध्यात परिस्थिती बदलली तर जुने आकडे रद्द करून सुधारित अंदाज मागविले जातात. तद्वत एखादे शीर्षक बदलले, अक्षरांचा आकार वाढला किंवा एखादी चौकट लपविली, की साठवून ठेवलेली मोजमापे रद्द ठरवून मागणीची फेरी पुन्हा घ्यावी लागते. असे रद्द ठरविणे राहून गेले, तर पडदा जुन्याच मापाने उभा राहतो.

तयार व्यवस्थापक व त्यांची मर्यादा

या पद्धतीस दीर्घ पूर्वेतिहास आहे. डोनल्ड क्नूथ यांनी १९७८ साली सिद्ध केलेल्या 'टेक' या मुद्रणप्रणालीत मजकूर म्हणजे लहान-मोठ्या पेट्या व त्यांमधील ताणले वा आकसले जाणारे अंतर, अशी कल्पना होती. जॉन आउस्टरहाउट यांच्या 'टीके' या साधनसंचाने, जो १९९१ साली प्रसृत झाला, पडद्यावरील घटक क्रमाने रचणारा व्यवस्थापक रूढ केला. १९९६ साली जावा या भाषेची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिच्याबरोबरच काही तयार व्यवस्थापक आले. एक व्यवस्थापक शब्दांच्या ओळीप्रमाणे घटक एकापुढे एक ठेवतो आणि जागा संपली की खालच्या ओळीवर जातो. दुसरा समान आकाराच्या घरांची जाळी आखतो. तिसरा उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम व मध्य असे पाच भाग पाडतो. 'ग्रिडबॅगलेआउट' हा त्यांतील सर्वांत लवचीक, परंतु समजण्यास सर्वांत अवघडही आहे. १९९८ मध्ये स्विंग हा संच जावाचा भाग झाला आणि त्यात आणखी भर पडली.

सामान्य पडद्यांसाठी हे तयार व्यवस्थापक पुरेसे आहेत. धारकाच्या आत धारक ठेवून त्यांचा संयोग केला, तर बहुसंख्य गरजा भागतात. म्हणून नवा व्यवस्थापक बांधण्यापूर्वी तयार साधनांनी काम होत नाही ना, हे पाहणे अगत्याचे आहे. परंतु काही गरजा अशा असतात की त्या कोणत्याही तयार नियमात बसत नाहीत. उदाहरणार्थ, 'शीर्षकांना जागा पुरत असेल तर ती चौकटींच्या डावीकडे ठेवावी. पुरत नसेल तर चौकटींच्या वर ठेवावी. कोणत्याही स्थितीत शीर्षक कापू नये', हा नियम मराठी अर्जासाठी अत्यंत उपयुक्त असला, तरी जावाच्या मूळ संचात तो आयता मिळत नाही. अशा वेळी स्वतंत्र व्यवस्थापक बांधणे हाच सरळ मार्ग ठरतो.

पाच कर्तव्ये

जावामध्ये 'लेआउटमॅनेजर' या नावाचा एक करार आहे. तो पाळणाऱ्या कोणत्याही आज्ञावलीस धारक आपला व्यवस्थापक म्हणून स्वीकारतो. या करारात पाच कर्तव्ये नमूद आहेत. पहिली दोन घटकाची भरती व घटकाची मुक्तता यांसंबंधी आहेत : नवा घटक आला की त्याची नोंद घेणे आणि तो गेला की नोंद काढणे. तिसरे कर्तव्य इष्ट आकार सांगण्याचे, चौथे किमान आकार सांगण्याचे आणि पाचवे प्रत्यक्ष मांडणी करण्याचे. याच कराराच्या विस्तारित रूपात कमाल आकार सांगणे, साठविलेली मोजमापे रद्द करणे इत्यादी कामांची भर आहे.

साध्या व्यवस्थापकात पहिली दोन कर्तव्ये रिकामीही ठेवता येतात. कारण घटकांची यादी धारकाजवळ असतेच. खरा विचार करावा लागतो तो उरलेल्या तिहींचा. त्यांत एक तत्त्व कधीही विसरू नये : तिसरे व चौथे कर्तव्य केवळ उत्तर देण्याचे आहे. उत्तर देताना कोणत्याही घटकास जागेवरून हलविता कामा नये. हलविणे हे फक्त पाचव्या कर्तव्याचे काम होय.

एक उदाहरण

मामलेदार कार्यालयातील एका दाखल्यासाठी चार नोंदी घ्यावयाच्या आहेत, असे समजू. त्यांची शीर्षके व निवडलेल्या फाँटमध्ये मोजलेली रुंदी पुढीलप्रमाणे आहे : 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' १६८ बिंदू, 'वडिलांचे अथवा पतीचे नाव' १९६ बिंदू, 'जन्मतारीख' ७४ बिंदू व 'ग्रामपंचायत' ९२ बिंदू. प्रत्येक शीर्षकाची उंची २४ व प्रत्येक चौकटीची उंची ३० बिंदू आहे. चौकटीची किमान रुंदी २०० व इष्ट रुंदी २४० धरली आहे. धारकाच्या चारही बाजूंस १२ बिंदूंचा समास आणि दोन घटकांमध्ये ८ बिंदूंचे अंतर आहे.

नियम असा ठरविला की शीर्षकांचा स्तंभ सर्वांत लांब शीर्षकाइतका रुंद असावा, परंतु तो उपलब्ध रुंदीच्या दोन-पंचमांशाहून अधिक होऊ नये. तो अधिक होत असल्यास शीर्षके चौकटींच्या वर न्यावीत.

खिडकी ६४० बिंदू रुंद असेल, तर दोन्ही समास वजा जाता ६१६ बिंदू उरतात. त्यांचा दोन-पंचमांश २४६ होतो. सर्वांत लांब शीर्षक १९६ बिंदूंचे असल्याने ते सहज मावते. शीर्षकांना १९६, अंतरास ८ आणि चौकटींना उरलेले ४१२ बिंदू मिळतात. प्रत्येक ओळीची उंची शीर्षक व चौकट यांपैकी मोठ्या घटकाइतकी, म्हणजे ३० बिंदू. चार ओळींचे १२०, तीन अंतरांचे २४ आणि वर-खाली समासांचे २४ मिळून एकूण उंची १६८ बिंदू होते.

आता हीच खिडकी ४०० बिंदूंपर्यंत अरुंद केली. समास वजा जाता ३७६ उरतात, त्यांचा दोन-पंचमांश १५० होतो आणि १९६ बिंदूंचे शीर्षक त्यात मावत नाही. स्थिर मोजमापाच्या पडद्यावर येथे 'वडिलांचे अथवा…' असे तुटलेले शीर्षक दिसले असते. नवा व्यवस्थापक मात्र शीर्षके वर नेतो. प्रत्येक शीर्षकास व प्रत्येक चौकटीस पूर्ण ३७६ बिंदूंची रुंदी मिळते. शीर्षक व चौकट यांत ४ बिंदूंचे अंतर ठेवल्यास एका नोंदीस ५८ बिंदूंची उंची लागते. चार नोंदींचे २३२, तीन अंतरांचे २४ आणि समासांचे २४ मिळून २८० बिंदू होतात. रुंदी कमी झाली, उंची वाढली. एकही अक्षर कापले गेले नाही.

उत्तरांतील सुसंगती

वरील नियम बांधताना एक सूक्ष्म चूक होण्याचा संभव आहे. इष्ट रुंदी किती, या प्रश्नास सहजपणे असे उत्तर दिले जाईल : समास १२, शीर्षक १९६, अंतर ८, चौकट २४०, समास १२, एकूण ४६८. हा हिशेब वरकरणी निर्दोष दिसतो. पण खिडकी खरोखरच ४६८ बिंदूंची झाली, तर उपलब्ध रुंदी ४४४ आणि तिचा दोन-पंचमांश १७७ होतो. १९६ बिंदूंचे शीर्षक त्यात मावत नाही. म्हणजे व्यवस्थापकाने मागितली तेवढीच जागा मिळूनही त्याची मांडणी कोलमडते आणि शीर्षके वर जातात. तीही १६८ बिंदूंच्या उंचीत, जेथे ती मावणार नाहीत.

मागणी करताना जो नियम धरला, तोच वाटप करतानाही पाळला गेला पाहिजे. प्रस्तुत उदाहरणात शीर्षक दोन-पंचमांशात बसण्यासाठी उपलब्ध रुंदी १९६ ची अडीचपट, म्हणजे ४९० असावी लागते. समास मिळविल्यास इष्ट रुंदी ५१४ येते, ४६८ नव्हे. यावर सोपा उपाय असा की मोजमाप व मांडणी या दोहोंसाठी एकच गणित एकाच ठिकाणी लिहावे आणि दोन्ही कर्तव्यांनी त्याचाच आधार घ्यावा. दोन ठिकाणी लिहिलेले गणित कालांतराने एकमेकांपासून दूर जाते.

दुसरी गोष्ट किमान आकाराची. शीर्षके वर असताना किमान रुंदी २२४ बिंदू व उंची २८० बिंदू येते. इष्ट आकार ५१४ गुणिले १६८ असताना किमान उंची त्याहून अधिक कशी, असा प्रश्न पडेल. परंतु रुंदी आणि उंची यांचे उत्तर जोडीनेच समजून घ्यावयाचे असते. ज्या मांडणीत उंची रुंदीवर अवलंबून असते, तेथे असे होणारच. जावाच्या मूळ करारातील अडचण अशी की इष्ट आकार विचारताना रुंदी किती मिळणार आहे हे सांगितले जात नाही. यासाठी धारकाची चालू रुंदी पाहून त्यानुसार उंची कळविणे आणि असा अर्ज उभ्या सरकपट्टीच्या धारकात ठेवणे, ही व्यवहार्य तोड आहे. म्हणजे उंची वाढली तरी मजकूर हरवत नाही. तो खाली सरकवून वाचता येतो.

देवनागरीचे मोजमाप

शीर्षकाची रुंदी अक्षरे मोजून काढण्याचा मोह अनेकांना होतो. देवनागरीत ही रीत चुकीची ठरते. १९९१ साली पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थानांचा एक गट आहे. त्यात व्यंजने, मात्रा आणि हलन्ताचे चिन्ह यांना स्वतंत्र संकेत आहेत. त्यामुळे 'स्त्री' हे एकच अक्षर संगणकाच्या हिशेबी सहा संकेतांचे होते आणि 'प्रमाणपत्र' या पाच अक्षरी शब्दास दहा संकेत लागतात. संकेतांची संख्या गुणिले सरासरी रुंदी हा हिशेब केल्यास 'स्त्री'ला फार अधिक जागा मिळेल आणि 'जमीन'सारख्या शब्दाला कमी पडेल. जोडाक्षरे प्रत्यक्ष घडविल्यानंतर शब्द किती रुंद होतो, हे फाँटच्या मोजणीयंत्रणेलाच विचारले पाहिजे. मांडणी-व्यवस्थापकाने स्वतः हा अंदाज कधीही करू नये; घटकाला त्याचा इष्ट आकार विचारावा आणि ते उत्तर मानावे.

उंचीच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार येतात आणि अक्षराखाली उकार येतो. सारख्याच क्रमांकाच्या रोमन फाँटपेक्षा तिला सामान्यतः अधिक उंची लागते. रोमन अक्षरांच्या मापाने ओळीची उंची निश्चित केली, की लेखाच्या आरंभी सांगितलेला 'मंजूर'चा 'मजूर' होतो. बेळगावकडील कार्यालयांत मराठीबरोबर कन्नडही येते आणि कन्नड लिपीत जोडाक्षराचा भाग खाली लटकतो. तेथे तर खालच्या बाजूसही सैल हात हवा.

दोन लिपी एकाच ओळीत आल्या, तर त्यांची सरळ रेषा कोणती धरावयाची, हाही प्रश्न आहे. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. जावाच्या फाँट-विभागात टांगलेल्या रेषेसाठी स्वतंत्र संज्ञा आहे आणि तिच्या वर्णनात देवनागरीचा नामोल्लेख आहे. तथापि पडद्यावरील घटक ओळीत आणताना नेहमी खालची रेषाच वापरली जाते. शीर्षक व चौकट यांतील मजकूर एका रेषेत दिसावा यासाठी घटकांच्या वरच्या कडा जुळविण्याऐवजी ही रेषा जुळवावी. ती विचारण्याची सोय २००६ च्या सहाव्या आवृत्तीपासून स्विंगमध्ये आहे.

डावी-उजवी दिशा ही आणखी एक बाब. हैदराबादसारख्या ठिकाणी मराठी, तेलुगू व उर्दू भाषक एकत्र नांदतात. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. तेव्हा शीर्षकांचा स्तंभ उजवीकडे हवा. व्यवस्थापकात 'डावीकडे' असे न लिहिता 'ओळीच्या आरंभी' असे धरून चालले आणि धारकाची दिशा विचारून घेतली, तर एकच आज्ञावली दोन्हीकडे चालते.

घ्यावयाच्या अन्य दक्षता

प्रत्यक्ष बांधणीत वारंवार आढळणाऱ्या चुका थोड्याच आहेत. धारकाचा समास वजा न केल्यास घटक कडेच्या रेघेवर चढतात. लपविलेले घटक मोजणीतून न वगळल्यास पडद्यावर विनाकारण मोकळी जागा राहते. भागाकारातील बाकी विसरल्यास कडा जुळत नाहीत : ६४० बिंदू सात स्तंभांत वाटले, तर प्रत्येकी ९१ प्रमाणे ६३७ होतात आणि तीन बिंदू उरतात, ते पहिल्या तीन स्तंभांना एकेक द्यावेत, म्हणजे उजवी कड सरळ राहते. मांडणी चालू असताना पुन्हा मांडणीची मागणी केल्यास काम एका चक्रात सापडते. तेही कटाक्षाने टाळावे. अखेरची दक्षता अशी की दिलेली जागा किमान आकाराहूनही कमी असल्यास व्यवस्थापकाने ऋण रुंदीची चौकट मांडू नये. शून्य ही मर्यादा धरावी.

जावाचे उदाहरण येथे घेतले असले, तरी तत्त्व सर्वत्र तेच आहे. क्यूट या संचातील व्यवस्थापक प्रत्येक घटकाला सुचविलेला आकार विचारतो आणि दिलेल्या रुंदीस किती उंची लागेल, हेही विचारू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या २००६ मधील डब्ल्यूपीएफमध्ये मोजणे व मांडणे अशी दोन स्वतंत्र कर्तव्येच आहेत. जीटीकेच्या २०११ मधील तिसऱ्या आवृत्तीने रुंदीनुसार उंची ठरविण्याची सोय केली आणि २०२० मधील चौथ्या आवृत्तीत मांडणी-व्यवस्थापक हा स्वतंत्र घटक आला. ॲपलने २०११ साली आपल्या संगणकांसाठी निराळा मार्ग घेतला. तेथे 'हे शीर्षक त्या चौकटीच्या आधी यावे', 'ही रुंदी त्या रुंदीइतकी असावी' अशी समीकरणे लिहावयाची आणि ती सोडविण्याचे काम प्रणालीवर सोपवावयाचे. नावे भिन्न असली तरी आधी विचारणे आणि नंतर वाटणे हा क्रम सुटत नाही.

स्वीकारापूर्वीची तपासणी

आज्ञावली बांधणे हे तज्ज्ञांचे काम असले, तरी ती स्वीकारण्यापूर्वी तपासणे हे कार्यालयाचे काम आहे. त्यासाठी संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही. खिडकी निम्म्याने अरुंद करून पाहावी. अक्षरांचा आकार दीडपट करून पाहावा. पडद्याची भाषा इंग्रजीवरून मराठी व कोकणी करून पाहावी. ज्या शीर्षकांत रफार, अनुस्वार आणि उकार तिन्ही आहेत, अशी चार शीर्षके निवडून ती वर-खाली पूर्ण दिसतात की नाही, हे बारकाईने पाहावे. सारखा आरंभ असलेली दोन लांब शीर्षके शेजारी ठेवून त्यांतील भेद वाचता येतो का, तेही पाहावे. या तपासणीस अर्धा तास पुरतो. तीत उतरलेला पडदा पुढे अनेक वर्षे भरवशाचा राहतो.

मराठी शीर्षक मावत नाही म्हणून ते तोडून-मोडून आखूड करावे किंवा त्याजागी इंग्रजी शब्द ठेवावा, असा सल्ला कधी कधी दिला जातो. वरील विवेचनावरून तो सल्ला अनावश्यक असल्याचे ध्यानी येईल. भाषेने पडद्याच्या मापात बसावे हा नियम नव्हे. पडद्याने भाषेचे माप घ्यावे आणि त्यानुसार जागा द्यावी, ही मांडणी-व्यवस्थापकाची रीत आहे. दाखल्यासाठी खिडकीपाशी उभ्या असलेल्या अर्जदाराला हे तंत्र दिसणार नाही. त्याचे नाव, त्याची तारीख आणि त्याच्या अर्जावरील 'मंजूर' हा शेरा अनुस्वारासह नीट उमटला, म्हणजे त्या तंत्राचे काम झाले.